संडासाचं दार आधी मोजा

आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार.

आम्ही अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. आमच्या मालकांचं मोटार वाइंडिंगचं काम. दोन वर्षांमागं विहिरीतली मोटार वर ओढताना ते खाली पडले आणि मणक्याला मार बसला. कमरेखाली काही कळत नाही. हात चांगले आहेत, चाकाच्या खुर्चीवर बसतात, गावातले लोक अजूनही जळालेली मोटार घेऊन घरीच येतात. लेकीची दहावी झाली, मार्क चांगले पडतील, तिला अकरावी सायन्सला लातूरला घालायचं आहे. मलाही तिथं मुलींच्या होस्टेलवर स्वयंपाकाचं काम मिळतंय. म्हणून जूनच्या आत लातूरला किरायाने घर बघायचं आहे.

घर मिळेना. फोनवर सगळे हो म्हणतात. आमचे मालक खुर्चीवर असतात हे कळलं की ‘घरात विचारून सांगतो’ म्हणतात आणि पुन्हा फोन उचलत नाहीत. एकाने तोंडावर सांगितलं, आजारी माणूस नको, उद्या काही झालं तर? आता तीन जागा हातात आहेत. मावसभावाचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट आहे, किराया सात हजार. शहराबाहेर प्लॉटिंगमध्ये पत्र्याच्या दोन खोल्या, तीन हजार, सगळं सपाट. आणि बार्शी रोडकडे एका म्हाताऱ्या बाईंचं जुनं घर, खालच्या दोन खोल्या, सहा हजार, डिपॉझिट वीस हजार. तिथं पुढं दोन पायऱ्या आहेत आणि संडास मागच्या अंगणात जिन्याखाली, इंडियन. त्या बाईंना मी यांच्याबद्दल अजून काही बोलले नाही.

सासूबाई आणि दीर म्हणतात, त्याला इथंच राहू दे, आम्ही बघू, तुम्ही दोघी जा. बहीण म्हणते, आधी घर ताब्यात घे, सामान लाव, मग यांना आण, एकदा राहायला गेल्यावर कोण काढतंय. मला काहीच सुचेना.

– एक वाचक, जि. लातूर

ताई,

तुमच्या बहिणीचं म्हणणं मला कळतं. दारादारातून परत आलेल्या माणसाला तसंच वाटणार. पण तसं करू नका. नव्या घरात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्हाला घरमालकाकडे किती गोष्टी मागाव्या लागणार आहेत बघा. संडासात दांडी ठोकू का, उंबरा काढू का, दारापुढं उतार टाकू का. ज्याच्यापासून लपवून घरात शिरलो त्याच्याकडे हे कुठल्या तोंडानं मागणार? तो नाही म्हणेल, तुम्ही गप्प बसाल, आणि रोजचे हाल दाजींचे होतील. (तुम्हाला ताई म्हटलं, म्हणून त्यांना दाजी म्हणते.) शिवाय आपल्याला लपवून आणलंय हे त्यांना कळल्याशिवाय राहणार नाही. दोन वर्षांत त्यांनी सोसलं तेवढं पुरे आहे.

तेव्हा सांगायचं, आणि पहिल्या फोनवरच सांगायचं. मात्र विहीर, मणका, ऑपरेशन, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काही सांगत बसू नका. ऐकणाऱ्याच्या कानात त्यातून ‘आजारी माणूस’ एवढंच जातं. दाजी आजारी नाहीत. त्यांना चालता येत नाही आणि ते काम करतात. तेच सांगा: ‘आम्ही तिघं आहोत. मी होस्टेलवर कामाला, लेक अकरावीला, आमचे मालक मोटार वाइंडिंग करतात, चाकाच्या खुर्चीवर असतात. आम्हाला खालचीच जागा लागते. संडासात एक दांडी बसवावी लागेल, खर्च आम्ही करू.’ बस. ज्याला नाही म्हणायचं तो तिथंच नाही म्हणेल आणि तुमचा हेलपाटा वाचेल.

आता सासूबाईंचं म्हणणं. तुमच्या पत्रात सासूबाई काय म्हणतात ते आहे, दीर, बहीण, घरमालक काय म्हणतात तेही आहे. दाजी काय म्हणतात, ते कुठंच नाही. त्यांना विचारलंय का? ‘तुम्ही येणार ना?’ असं विचारलं तर उपयोग नाही. आपला घरच्यांना भार होतोय असं ज्याच्या मनात बसलंय, तो ‘जा तुम्ही दोघी, माझं काय’ असंच म्हणणार. तिन्ही जागांची माहिती त्यांच्यापुढं ठेवा आणि कामाचं विचारा. कुठल्या जागेत टेबल लावून वाइंडिंग करता येईल? गावची गिऱ्हाइकं सुटली तर लातुरात नवी जोडायला किती दिवस लागतील? तोवर कसं भागवायचं? गावात त्यांना काम आहे, लोक दारात येतात, ही लहान गोष्ट नाही. लातूरला नेऊन त्यांना दिवसभर चार भिंतींत बसवणार असाल तर ते नको म्हणतील, आणि त्यांचं ते नको बरोबर असेल. स्वतः विचार करून ते गावात राहिले तर माझं काही म्हणणं नाही. त्यांना न विचारता मागं ठेवलं तर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देतं आणि अमुकच ठिकाणी, अमुकच पद्धतीनं राहा अशी सक्ती होऊ नये, हेही त्यातच आहे.

सासूबाईंच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाची पाठ, बैठक, टाचा रोज बघाव्या लागतात. एका जागी दाब राहिला की कातडी लाल होते, मग जखम होते, आणि दुखत नाही म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. बसल्याजागी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, रात्री कूस बदलायची, लघवीच्या पिशवीची स्वच्छता. गेली दोन वर्षं हे कोण करतंय? तुम्हीच ना? दाजी मागं राहणार असतील तर हे सगळं सासूबाईंकडून आणि दिरांकडून तुमच्यासमोर काही आठवडे करवून घ्या. मगच ‘आम्ही बघू’ या शब्दावर विसंबा.

दाजी येतात असं धरून जागांकडं वळते.

मावसभावाचा फ्लॅट सोडा. लिफ्ट आहे म्हणून मन तिकडं जातं, पण लहान कॉम्प्लेक्समधल्या चार माणसांच्या लिफ्टचं दार पुष्कळदा सव्वादोन-अडीच फुटांचं असतं आणि आत इतकी कमी जागा की खुर्ची कशीबशी शिरली तरी दार लागत नाही. ती शिरली असं धरा. मे महिन्यात संध्याकाळी वावटळ सुटली की लाइट जाते. इन्व्हर्टरवर घरातला पंखा चालतो, लिफ्ट चालत नाही. तुम्ही होस्टेलवर, लेक कॉलेजात, आणि दाजी तिसऱ्या मजल्यावर. खाली रस्त्यावर यायचं तर लाइटची नाहीतर शेजाऱ्याची वाट बघायची. आणि जळालेली मोटार घेऊन तिसरा मजला कोण चढणार आहे? नात्यातली जागा नाकारताना अवघड वाटतं. पण मावसभावाला खरं कारण सांगितलं तर तो समजून घेईल.

पत्र्याच्या खोल्या स्वस्त आणि सपाट आहेत, त्यामुळं त्या मोडीत काढताना मी थोडी थांबले. तरी नकोच. दाजींच्या कमरेखालच्या भागाला घाम नीट येत नाही, अंग थंड ठेवायचं सगळं काम वरच्या अर्ध्या शरीरावर पडतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली धडधाकट माणूस टिकत नाही, ते तिथं दिवसभर बसणार. तापलेली फरशी किंवा पत्रा पायाला लागला तर त्यांना कळणारही नाही, फोड आल्यावरच दिसेल. दुसरी गोष्ट प्लॉटिंगची. तिथं डांबरी रस्ता दारापर्यंत आलाय का? नसेल तर पहिल्या पावसात काळी माती खुर्चीच्या पुढच्या लहान चाकांना धरून बसते, आणि घर सपाट असूनही माणूस जून ते ऑक्टोबर घरातच अडकतो.

राहिलं बार्शी रोडचं जुनं घर. माझा कौल त्या घराला आहे, पण काही मापं जुळली तरच.

जाताना मिस्त्रीकडं असतो तसा टेप घेऊन जा. निघण्यापूर्वी दाजींच्या खुर्चीची रुंदी मोजा, एका बाजूच्या बाहेरच्या रिंगपासून दुसऱ्या बाजूच्या रिंगपर्यंत. साध्या घडीच्या खुर्चीची ती पंचवीस-सव्वीस इंच भरते. तिथं पोचल्यावर खोल्या किती मोठ्या, हवा कशी, रंग कधी दिला, हे सगळं नंतर. आधी थेट अंगणात जा आणि जिन्याखालचं दार उघडा. दार पूर्ण उघडल्यावरही त्याची जाडी वाटेत येते, म्हणून चौकटीपासून उघड्या दारापर्यंत जी मोकळी जागा उरते तेवढीच मोजायची. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दाराची मोकळी जागा निदान ९० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट हवी. आपल्या जुन्या घरांत संडासाला दोन-सव्वादोन फुटांचं दार असतं. तेव्हा नेहमीची खुर्ची आत जाणार नाही असं धरूनच चाला.

त्यावर उपाय आहे. सीटला भोक असलेली, चाकाची कमोड खुर्ची मिळते. साधी असेल तर दोन-तीन हजारांत येते आणि नेहमीच्या खुर्चीपेक्षा अरुंद असते. दाजींनी खोलीतच तिच्यावर सरकून बसायचं आणि ती तशीच आत नेऊन इंडियन भांड्यावर लावायची. त्यामुळं दाराचं गणित या खुर्चीच्या मापानं करा. मात्र भांडं फरशीच्या पातळीत हवं. पुष्कळ घरांत ते सहा-आठ इंच उंच ओट्यावर असतं, कारण खालून पाइपला उतार द्यायचा असतो. ओटा असेल आणि पाइप खाली नेता येत नसेल तर हे घर आपलं नाही, मग बाई कितीही चांगल्या असोत. ओटा नसेल तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे. दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडेल असं करून घ्यायचं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार उघडताच येत नाही. जागा फारच कमी पडत असेल तर चौकटच काढून सरकतं पीव्हीसीचं दार लावायचं. जिन्याखालची ती भिंत बहुधा चार इंची विटेची, नंतर घातलेली असते, जिन्याचा भार तिच्यावर नसतो. पण हे तुम्ही-मी ठरवायचं नाही, मिस्त्रीनं हात लावून बघायचं. जिन्याच्या उतारामुळं डोक्यावर किती जागा राहते तेही बघा. दाजी बसलेले असतील, पण त्यांना धरणारं माणूस उभं राहिलं पाहिजे.

मग खोलीच्या दारापासून संडासापर्यंत स्वतः चालत जा, खाली बघत. वाटेत उंबरे किती? शहाबादी फरशीचे सांधे उघडे आहेत का, चाक अडकेल का? वर काही आहे का? जुलैत रात्री दोन वाजता पाऊस चालू असताना ही वाट ओलांडायची आहे, त्यामुळं निदान पत्र्याचा पडवीवजा आडोसा लागेल. न्हाणीला पाणी अडवायला दोन-तीन इंचांचा कठडा असतो. तो फोडून त्या जागी फरशीला आतल्या बाजूला उतार दिला तर पाणीही बाहेर येत नाही आणि खुर्चीही जाते.

आणि हा प्रश्न आवर्जून विचारा: संडास फक्त तुमच्यासाठी की बाईंचाही तोच? दाजींना सकाळी अर्धा-पाऊण तास लागत असेल, कधी जास्तही. मणक्याला मार बसलेल्या बहुतेकांचं असंच असतं. बाहेर कुणी ताटकळत उभं असलं तर ते घाई करतील, पोट नीट साफ होणार नाही, आणि पुढचा सगळा दिवस भीतीत जाईल. सामायिक संडास असेल तर वेळ ठरवून घेता येते. पण वेगळाच मिळाला तर हजार रुपये किराया जास्त द्यायलाही मी सांगेन.

पुढच्या दोन पायऱ्यांचं सांगते. दोन पायऱ्या म्हणजे बारा ते चौदा इंच उंची. एक इंच उंचीला एक फूट लांबी, असा उताराचा हिशोब. म्हणजे बारा-चौदा फूट उतार हवा, तर दाजी आपल्या हातानं वर येतील. पुढं नाली असेल, तिच्यावर ढापा असेल, सरळ एवढी जागा मिळणार नाही. भिंतीला लागून काटकोनात वळवता येतो का बघा, वळणावर पाच फूट सपाट जागा सोडून. अंगणाच्या बाजूनं आत यायला वाट असेल तर ती पायऱ्यांपेक्षा सोपी असू शकते. काही घरांना पायऱ्यांच्या मधोमध मोटारसायकल चढवायला उतार केलेला असतो. त्यावर खुर्ची घालू नका. तो खडा असतो, अरुंद असतो, आणि चढताना खुर्ची मागं कलंडते. जागा खरंच नसेल तर वेल्डिंगच्या दुकानातून चेकर्ड प्लेटचा सुटा उतार करून घेता येतो. तो हिशोबापेक्षा खडा होईल आणि मागून कुणी धरल्याशिवाय त्यावर खुर्ची घालता येणार नाही. तशी वेळ आलीच तर दाजी एकटे असताना दार त्यांना बंदच आहे, हे समजून निर्णय घ्या.

पाण्याचं विचारायला विसरू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं शहर आहे हे. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हौद केवढा, बोअर मे महिन्यात चालतो का, आणि टाकीचं पाणी संडासातल्या नळाला येतं की बादली भरून न्यावी लागते? चादरी, कपडे, खुर्ची, सगळं धुवायचं असल्यामुळं तुमच्या घराला तिघांच्या मानानं पाणी जास्त लागणार. हे बाईंना आधीच सांगा. नंतर भांडण होतं ते यावरूनच.

आता त्या बाईंशी बोलायचं. घरमालक नाही म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं? घाण होईल, वास येईल ही एक भीती. घरात काही बरंवाईट झालं तर ही दुसरी. पण सगळ्यांत मोठी भीती कुणी बोलून दाखवत नाही. उद्या जागा खाली करायची वेळ आली तर खुर्चीवरच्या माणसाला बाहेर काढायचं कसं, गल्लीतले लोक काय म्हणतील? या भीतीवर गोड बोलून उपाय होत नाही, कागद लागतो. तुम्हीच म्हणा, ‘बाई, आपण नोंदणीचा करार करू.’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. पाचशेच्या बॉण्डवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असं नाही. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा, नोंदणीकृत करार असला की मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याचा सरळ रस्ता कलम २४ घरमालकाला देतं. बाईंना हे समजावलंत तर त्यांचा जीव भांड्यात पडेल, आणि मधेच ‘उद्या खाली करा’ असं कुणी म्हणू नये, हेही तुम्हाला त्यात लिहून घेता येईल.

मुदत अकरा महिन्यांचीच असते असं सगळे सांगतील. तसं बंधन नाही, साठ महिन्यांपर्यंत करता येतो. तुम्ही संडासावर, उतारावर पैसे घालणार आहात आणि लेकीची अकरावी-बारावी आहे, म्हणून छत्तीस महिने मागा. खर्च फार नाही. सहा हजारांप्रमाणे छत्तीस महिन्यांचा किराया २,१६,०००. वीस हजार डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून तीन वर्षांचे ६,०००. एकूण २,२२,००० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. त्यावर करार करून देणाऱ्याची मजुरी. आधार आणि अंगठ्यावर ऑनलाइन होतं, बाईंना ऑफिसात जावं लागत नाही. करून देणारे घरी येतात.

कामाचं सगळं त्याच करारात लिहून घ्या. दार, दांडी, उतार, कठडा, कोणतं काम, खर्च कुणाचा, किरायात वळते करायचे का, आणि जाताना पूर्ववत करायचं की तसंच ठेवायचं. तोंडी ‘करा की’ यावर एक वीटही काढू नका. आणि बाईंना एक गोष्ट आपुलकीनं विचारा. त्या स्वतः या वयात जिन्याखालच्या इंडियन भांड्यावर कशा बसतात-उठतात? दांडी झाली, कठडा गेला, बाहेर दिवा आला, तर त्याचा उपयोग तुम्ही गेल्यावरही त्यांनाच आहे. हे त्यांना पटवून द्यावं लागणार नाही, त्यांचे गुडघेच सांगतील.

कायद्याच्या जोरावर एखाद्याला घर द्यायला लावता येईल का, हा प्रश्न तुमच्या मनात असेल. २०१६ च्या अधिनियमात दिव्यांग असल्यामुळं भेदभाव करू नये असं आहे, सरकारी घरकुल योजनांत ५ टक्के आरक्षण आहे, हक्क डावलला तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करता येते. पण खासगी घरमालकानं फोन उचलणं बंद केलं तर त्या तक्रारीतून जूनच्या आत घर मिळणार नाही. आज तुमची ताकद दुसरीकडं लागू दे. मात्र कुणी चारचौघांत दाजींचा ते दिव्यांग आहेत म्हणून मुद्दाम अपमान केला तर गप्प बसू नका, कलम ९२ खाली तो गुन्हा आहे.

कायद्याचा लगेच उपयोग होईल तो पैशाच्या बाजूनं. गाव सोडण्याआधी ग्रामपंचायतीत अर्ज द्या. स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यातून कमोड खुर्ची मागा. अर्जासोबत वैश्विक ओळखपत्राची, म्हणजे यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

बार्शी रोडचं जमलं नाही, तर खचू नका आणि एजंटाच्या मागंही लागू नका. एजंटाकडं असतात त्या ट्यूशन एरियातल्या, म्हणजे खासगी शिकवण्यांच्या भागातल्या खोल्या, आणि तिथं घरमालक डोक्यामागं पैसे मोजतो. एका खोलीत चार पोरं बसली की तुमच्या सहा हजारांना त्याच्या लेखी किंमत नाही. ट्यूशन एरियापासून थोडं लांब, नोकरदारांच्या जुन्या वसाहतींत बघा, जिथं निवृत्त शिक्षक, बँकवाले वरच्या मजल्यावर राहतात आणि खालचा मजला रिकामा असतो. खालची रिकामी घरं सगळ्यांत आधी कुणाला कळतात? पाण्याचे जार टाकणाऱ्याला आणि दूधवाल्याला. त्यांना नंबर देऊन ठेवा. फिजिओथेरपी करणाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडं येणाऱ्या कुणाचं तरी सोयीचं केलेलं घर रिकामं होत असतं. आणि वेळ साधा. मे महिन्याच्या सुरुवातीला ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा झाली की पोरं गावी जातात, खोल्या रिकाम्या होतात, आणि नवी गर्दी जूनमध्ये निकालानंतर येते. मधल्या चार-सहा आठवड्यांत घरमालकाशी बोलायला जोर असतो. त्याला सांगा, विद्यार्थी सुट्टीत जागा सोडून जातो, आम्ही बारा महिने किराया देऊ.

या रविवारी तुम्ही एकट्या जाऊन बाईंना सगळं सांगा आणि मापं घेऊन या. मापं जुळली तर दुसऱ्या खेपेला मिस्त्री आणि दाजी दोघांना घेऊन जा. दाजींना त्यांच्या खुर्चीवरून पुढच्या खोलीपासून मागच्या अंगणापर्यंत स्वतः फिरू द्या, तुम्ही हात लावू नका. कुठं अडतं ते त्यांनाच सांगू द्या, आणि टेबल कुठं लावायचं तेही. तोवर टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नका.